ऊर्जा विभागास खुले पत्र : अणुभट्टीच्या करारावर सही करण्याआधी

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (ऊर्जा),
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : राज्याच्या प्रस्तावित अणुऊर्जा करारांतील जोखीम आणि तोवर हाती घेता येण्याजोगी सौर व साठवणुकीची कामे

महोदय,

मी नेरूळला राहतो. संध्याकाळी खाडीकाठी फिरायला गेले की समोर ट्रॉम्बेच्या टेकडीच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्रातील अणुभट्ट्यांचे घुमट दिसतात. आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक, ‘अप्सरा’, तेथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली आणि ‘ध्रुव’ १९८५ पासून चालते. त्यांच्या समोर उभे राहून फ्लेमिंगोंचे फोटो काढण्यात आमची एक पिढी वाढली आणि त्यातील कोणाची झोप उडाल्याचे मी ऐकलेले नाही. हे पत्र भीतीपोटी लिहिलेले नाही, हे आपण सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे, कारण अणुऊर्जेविषयी प्रश्न विचारणाऱ्याला भित्रा किंवा विकासविरोधी ठरवून फाईल बंद करण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे.

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज हे लक्ष्य ठेवले आणि लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये जाहीर केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महानिर्मितीने, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने, रशियाच्या रोसाटॉम या सरकारी अणुकंपनीशी थोरियमवर चालणाऱ्या लहान अणुभट्टीच्या विकासासाठी सामंजस्य करार केला. म्हणजे आजवर दिल्लीचा असलेला हा विषय आता राज्याच्या टेबलावर आला आहे आणि म्हणूनच हे पत्र केंद्राला न लिहिता आपल्याला लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की या व्यवहारातील जोखीम नेमकी कोणाच्या नावावर लिहिली जाणार आहे ते आधी जाहीर करावे, आणि जी वीज याच दशकात, कमी पैशांत, आपल्याच गच्च्यांवर व डोंगरांत मिळू शकते तिच्या कामाला अणुभट्टीच्या नावाखाली मागे सारू नये.

माझी नोकरी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्याच्या विद्युत विभागात गेली. आमच्याकडेही ‘रिअ‍ॅक्टर’ होते, अर्थात साधे, रसायने शिजवण्याचे, पण त्यांचा एक स्वभाव अणुभट्टीशी मिळताजुळता होता: बटण बंद केले म्हणून आतली उष्णता थांबत नसे. भांड्याभोवतीच्या जॅकेटमधून थंड पाणी फिरत राहिले नाही तर तापमान चढत जाई आणि मग ते आपल्या हातात राहत नसे. २६ जुलै २००५ च्या दुपारी बाहेरची वीज गेली तेव्हा एक बॅच निम्म्यावर होती. डीजी, म्हणजे डिझेल जनित्र, नियमाप्रमाणे पंधरा सेकंदांत सुरू झाला आणि सगळ्यांनी हुश्श केले. साधारण चाळीस मिनिटांनी केबलच्या चरातून पाणी डीजीच्या खोलीत शिरले, पॅनेल बुडाले आणि पंप थांबले. चर वरून झाकलेले होते, पण दुसरे टोक रस्त्याकडच्या गटाराला लागून आहे हे नकाशा काढणाऱ्याच्या लक्षात आले नव्हते. त्या दिवशी आम्हाला वाचवले ते छपरावरच्या जुन्या पाण्याच्या टाकीने. एका म्हाताऱ्या फोरमनने ती हट्टाने भरून ठेवली होती आणि पुढच्याच महिन्यात ती भंगारात निघायची होती. त्याने हाताने व्हॉल्व्ह उघडला, पाणी आपल्या वजनाने खाली आले आणि तापमान उतरत गेले. घटनेच्या अहवालात या टाकीचा उल्लेख एका ओळीत होता.

सहा वर्षांनी, ११ मार्च २०११ रोजी, जपानमधील फुकुशिमाच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा मला सर्वांत आधी त्या केबलच्या चराची आठवण झाली. भूकंप होताच तेथील अणुभट्ट्या बरहुकूम बंद पडल्या होत्या. बाहेरची वीज गेल्यावर डिझेल जनित्रेही सुरू झाली होती. मग त्सुनामीचे पाणी आले आणि जनित्रे बुडाली. हजार मेगावॉटची अणुभट्टी बंद केल्याच्या क्षणी तिच्या इंधनातून सुमारे दोनशे मेगावॉट इतकी उष्णता निघतच राहते. ती झपाट्याने कमी होत जाते, पण अनेक दिवस सतत काढून घ्यावी लागते. ती न काढता आल्याने तीन अणुभट्ट्यांचे इंधन वितळले आणि सुमारे दीड लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली.

आपल्या देशात असे घडू शकत नाही असे सांगणाऱ्यांनी दोन जुन्या नोंदी काढून वाचाव्यात. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोऱ्यात टर्बाइनचे पाते तुटून आग लागली, केबली जळाल्या आणि केंद्र सुमारे सतरा तास पूर्णपणे विजेविना राहिले. कर्मचाऱ्यांनी आग विझवण्याच्या डिझेल पंपांनी पाणी चढवून अणुभट्टी थंड ठेवली. जून १९९४ मध्ये गुजरातमधील काक्रापारला अतिवृष्टीचे पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरले. दोन्ही वेळा किरणोत्सर्ग बाहेर आला नाही आणि त्याचे श्रेय तेथील माणसांना द्यायलाच हवे. त्यानंतर बरेच बदलही झाले. काक्रापारच्या नव्या ७०० मेगावॉटच्या अणुभट्ट्यांत विजेविना, पाण्याच्या नैसर्गिक अभिसरणावर उष्णता काढून घेणारी व्यवस्था आहे, म्हणजे आमच्या फोरमनची टाकीच, फक्त रीतसर आराखड्यात आलेली. तरीही प्रत्येक वेळी गोष्ट अडली ती आराखडा करणाऱ्याने विचारात न घेतलेल्या एखाद्या चरापाशी, आणि किती चर उरले आहेत हे सांगणारे कोष्टक कोणत्याच कार्यालयात नसते.

तारापूरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत ते आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते. देशातील पहिले अणुवीज केंद्र तेथे १९६९ मध्ये सुरू झाले. अमेरिकी कंपनीने बांधून दिलेल्या दोन अणुभट्ट्या प्रत्येकी २१० मेगावॉटच्या होत्या. पुढे वाफेच्या यंत्रणेतील नळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांची क्षमता १६० वर आणावी लागली. त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने द्यायचे ठरले होते, पण पोखरणच्या १९७४ च्या चाचणीनंतर तो पुरवठा अडला आणि आपल्याला फ्रान्स, मग चीन, मग रशिया अशी दारे ठोठवावी लागली. परदेशी इंधनावर चालणारी अणुभट्टी घेताना आपण विजेबरोबर परराष्ट्र धोरणही पन्नास-साठ वर्षांसाठी विकत घेतो, हे तारापूरने दाखवून दिले आहे. याच केंद्राची वीज वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वस्त विजेत गणली गेली, हेही तितकेच खरे आहे. मात्र या दोन्ही जुन्या अणुभट्ट्या २०२० पासून पाइप बदलण्यासारख्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी दीर्घकाळ बंद ठेवाव्या लागल्या.

माझी मावसबहीण बोईसरला राहते. बोईसर आणि त्याला खेटून असलेली रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी केंद्राभोवतीच्या सोळा किलोमीटरच्या आणीबाणी नियोजन क्षेत्रात येते. १९६० च्या दशकात जागा निवडली तेव्हा तेथे वाड्या आणि मच्छीमारांची गावे होती, आज तेथे उपनगर आहे. सायरन वाजला तर काय करायचे, असे मी तिला विचारले. दारे-खिडक्या लावून घरात बसायचे, एवढे तिला सांगता आले. आयोडीनच्या गोळ्या कुठे मिळणार आणि मुले शाळेत असतील तर त्यांना आणायला जायचे की नाही, हे तिला माहीत नव्हते. तिने मलाच उलट विचारले, ‘तुम्हाला समोर भाभा केंद्र आहे, तुम्हाला तरी कुठे माहीत आहे?’ मला उत्तर देता आले नाही. त्यात नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सतत बसत आले आहेत. ते लहान आहेत आणि केंद्राला त्यांचा धोका आहे असा माझा दावा नाही. पण भिंतींना तडे गेल्याने तंबूत रात्री काढलेल्या माणसांना ‘सर्व काही सुरक्षित आहे’ या एका वाक्यापलीकडे काही सांगावेसे वाटू नये, याचे मला नवल वाटते.

आता जबाबदारीचा प्रश्न, जो माझ्या मते या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आहे. २०१० च्या अणुदायित्व कायद्याने अपघातासाठी केंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी १,५०० कोटी रुपयांवर बांधली होती. फुकुशिमाच्या निस्तरण्याचा जपान सरकारचा २०१६ मधील अंदाज २१.५ लाख कोटी येन होता. तेव्हाच्या दराने तो बारा-तेरा लाख कोटी रुपयांच्या घरात जातो. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे ते भरून काढायचे ते करदात्याने आणि अपघातग्रस्ताने. मात्र त्याच कायद्यात भोपाळची आठवण ठेवून एक कलम घातले होते: यंत्रात दोष निघाला तर चालकाला पुरवठादाराकडून वसुली करता येईल. परदेशी कंपन्यांना तेच कलम खुपत होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा हे दोन्ही मागे टाकले, खाजगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले आणि पुरवठादाराविषयीची ती तरतूद वगळली. आता पुरवठादाराकडे बोट दाखवायचे असेल तर ते मुख्यतः करारात लिहून घ्यावे लागेल. जी गोष्ट कायद्याने मिळत होती ती आता वाटाघाटीने मिळवायची आहे, आणि महानिर्मितीच्या बाबतीत वाटाघाटीला बसणारे आपणच आहात. आपल्या यंत्रावर शंभर टक्के विश्वास असल्याचे सांगणारा विक्रेता दोषाची जबाबदारी कागदावर घ्यायला का कचरतो, हा प्रश्न साधा फ्रीज घेतानाही आपण विचारतो.

वेळेचा हिशेबही मांडला पाहिजे. जैतापूरच्या प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांसाठी फ्रेंच कंपनीशी चौकट करार डिसेंबर २०१० मध्ये झाला. माडबनच्या सड्यावरील जमीन गेली, आंदोलन झाले, एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला, आणि इतक्या वर्षांत तेथून एक युनिटही वीज आलेली नाही. त्याच जातीची अणुभट्टी फ्रान्सने स्वतःच्या फ्लामानव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली. ती २०१२ मध्ये चालू व्हायची होती, प्रत्यक्षात डिसेंबर २०२४ मध्ये ग्रिडला जोडली गेली आणि खर्च ३.३ अब्ज युरोंवरून १३ अब्जांच्या पुढे गेला. आपल्या स्वदेशी अणुभट्ट्यांचे गणित यापेक्षा बरे आहे, पण काक्रापारच्या तिसऱ्या युनिटलाही २०१० च्या पहिल्या काँक्रीटपासून २०२३ च्या व्यावसायिक उत्पादनापर्यंत तेरा वर्षे लागली. थोरियमचे तर बोलायलाच नको. थोरियम स्वतः इंधन नाही, त्याचे आधी अणुभट्टीत युरेनियम-२३३ करून घ्यावे लागते, आणि त्या वाटेवरचा मधला टप्पा असलेली कल्पाक्कमची फास्ट ब्रीडर अणुभट्टी २००४ मध्ये बांधायला घेतली ती २०१० मध्ये पूर्ण व्हायची होती. तिचा गाभा भरायला (कोअर लोडिंग) सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. केरळच्या किनाऱ्यावर थोरियम आहे म्हणून राज्याची चिंता मिटली, असे सांगणारी भाषणे ऐकली की आमच्या गावची ‘बाजारात तुरी’ ही म्हण आठवते.

सौरऊर्जेचे गोडवे गाण्याआधी तिची खोट सांगतो, कारण ती मी गच्चीवर रोज पाहतो. आमची इमारत सिडकोच्या काळातील चार मजली आहे आणि अशा बहुतेक इमारतींप्रमाणे तिचा स्लॅब गळायचा. नवी मुंबईत गळतीवर सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे गच्चीवर पत्र्याची शेड. आम्ही शेडच्या सांगाड्यावर दहा किलोवॉटची पॅनेले बसवून घेतली. काम करणाऱ्या ठेकेदाराने सकाळी येऊन मापे घेतली, त्यामुळे दुपारी दोननंतर पाण्याच्या टाकीची सावली अर्ध्या रांगेवर पडते हे त्याला दिसलेच नाही आणि तीन महिन्यांनी सगळे उचलून पुन्हा मांडावे लागले. पॅनेलांखाली कबुतरांनी घरे केली. दर रविवारी पाइप लावून पाने-विष्ठा धुवावी लागते आणि ते काम कोणी करायचे यावर सर्वसाधारण सभेत अणुकरारापेक्षा जास्त चर्चा होते. मे महिन्यात रोज पंचेचाळीस ते पन्नास युनिट मिळतात. जुलैच्या सलग झडीत तेरा-चौदाही मिळाले आहेत आणि रात्री अर्थातच शून्य. तरीही पंप आणि जिन्यातले दिवे वर्षभरात जवळपास फुकट चालतात, आणि आमची सगळ्यांत मोठी दुर्घटना म्हणजे एका वादळात निसटलेला एक क्लॅम्प.

एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. नेरूळ, वाशी, कोपरखैरणे, ठाण्यातील वर्तकनगर अशा वसाहतींत पत्र्याच्या शेडी किती आहेत ते मेट्रोच्या किंवा लोकलच्या खिडकीतूनही मोजता येते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला तीन किलोवॉटपर्यंत ७८,००० रुपये आणि गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे. अडचण पैशांपेक्षा कागदांची आहे. शेड अधिकृत आहे का, संस्थेचे अभिहस्तांतरण झाले आहे का (म्हणजे जमीन-इमारत संस्थेच्या नावावर झाली आहे का), इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का, या तीन प्रश्नांवर बहुतेक संस्था अडकतात. या प्रश्नांशी संबंधित खात्यांना एका खोलीत बसवून एक परिपत्रक काढायला अणुभट्टीइतका खर्च येणार नाही.

रात्रीच्या विजेचे काय, हा प्रश्न अणुऊर्जेचे समर्थक विचारतात आणि तो रास्त आहे. शंभर मेगावॉटची अणुभट्टी वर्षभरात शंभर मेगावॉटच्या सौर प्रकल्पाच्या जवळजवळ चौपट वीज देते, त्यामुळे केवळ स्थापित क्षमतेचे आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना खोटी असते, मग ती आमच्या बाजूने का असेना. पण साठवणूक ही कल्पनेतली गोष्ट राहिलेली नाही, तिचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. घाटघरचे वरचे धरण अकोले तालुक्यात आणि खालचे शहापूर तालुक्यात चोंढे येथे आहे. फाजील वीज असताना पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की चारशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली सोडून २५० मेगावॉट वीज घ्यायची, हे काम तेथे २००८ पासून चालू आहे. भिवपुरी आणि शिरवता येथे मिळून २,८०० मेगावॉटच्या अशाच प्रकल्पांचा सामंजस्य करार शासनाने २०२३ मध्ये केला आहे. सह्याद्रीच्या जंगलाला यातून इजा होणार आहे आणि तिचा हिशेब कडकपणे मागितला पाहिजे, हेही येथेच नोंदवतो. बॅटरीसह सौर विजेचे दर डिसेंबर २०२४ मधील सेकी या केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाच्या निविदेत युनिटला साडेतीन रुपयांच्या आसपास आले आहेत. शिवाय आपल्या राज्यात पावसाळ्यात सूर्य झाकला जातो तेव्हाच साताऱ्याच्या वनकुसवड्यापासून धुळ्याच्या ब्राह्मणवेलपर्यंत वारा सर्वांत जोरात असतो. शेतीपंपांचा भार सौर फीडरवर नेण्याची आपल्या विभागाची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तिने साठवणुकीचा प्रश्नच बाजूला ठेवून शेतकऱ्याची रात्रपाळी दिवसावर आणली.

चोवीस तास विजेची सर्वांत मोठी नवी मागणी आता ऐरोली-महापे-रबाळे पट्ट्यातील डेटा सेंटरांकडून येते. ज्या पट्ट्यात मी कारखान्यांच्या चिमण्या पाहिल्या तेथे आता खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या राहत आहेत. त्यांना अखंड वीज हवी असेल तर तिच्या साठवणुकीचा खर्च त्यांनी उचलावा. त्यांच्या नावाने कोकणातील एखाद्या गावाच्या माथी अणुभट्टी मारू नये. आणि अखंडतेविषयी बोलायचे तर १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अंधारात गेली ती कळवा-पडघे वाहिन्यांवरील बिघाडामुळे, निर्मिती कमी पडल्यामुळे नव्हे. दूरच्या एका ठिकाणी दहा हजार मेगावॉट तयार करून त्याच अरुंद वाटेने शहरात आणण्याने ही दुखरी नस आणखी ताणली जाईल.

म्हणून विनंती अशी की रोसाटॉमशी आणि अन्य कोणाशीही झालेल्या किंवा होऊ घातलेल्या करारांचा मसुदा, व्यापारी गुपिते वगळून, मराठीत प्रसिद्ध करावा आणि पुरवठादाराकडून वसुलीचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत नसेल तर महानिर्मितीने सही करू नये. जागा ठरण्याआधी आणीबाणीची योजना त्या गावांच्या ग्रामसभांपुढे वाचली जावी. त्याची सुरुवात बोईसरपासून करता येईल, तेथे अणुभट्टी पन्नास वर्षांहून अधिक काळ उभीच आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सौर शेडसाठी सिडको, महापालिका आणि सहकार खाते यांचे संयुक्त परिपत्रक येत्या पावसाळ्याआधी निघावे, कारण गळणाऱ्या इमारतींची शेडीची ऑर्डर मार्च-एप्रिलमध्ये जाते आणि एकदा नुसता पत्रा चढला की पुढची पंधरा वर्षे तेथे पॅनेल येत नाही.

आपला,
नेरूळचा एक वीजग्राहक

सोबत : आमच्या गच्चीवरील संचाच्या चोवीस महिन्यांच्या रोजच्या नोंदींची प्रत, जुलैच्या पानांसह.